अंगण वाकडं नव्हतं

‘तुमचं मशीन म्युझियममध्ये ठेवा, काका.’ फोनवर तो हसत म्हणाला. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या माणसाला म्युझियमचा टोमणा! मी गप्प बसलो, कारण चूक आपल्याच मशीनची असणार असं तेव्हा मलाही वाटत होतं. ते गप्प बसणं मला साडेआठ हजारांना पडलं.

काम साधं होतं. तालुक्यातल्या एका वाचनालयाचे जुने छापील अहवाल स्कॅन करून त्यातला मजकूर काढायचा. छापील मराठी वाचणारं टेसरॅक्ट फुकट मिळतं, पण पिवळी पडलेली, तिरकी स्कॅन झालेली पानं आधी सरळ आणि साफ करावी लागतात. म्हणून पुण्यातल्या एका मुलाला त्याभोवती छोटा प्रोग्रॅम करून द्यायला सांगितला. माझ्याकडे कोअर टू ड्युओ, ई ७५००, त्यावर लिनक्स. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, तिकिटांच्या प्रिंट. फर्दापूर टी पॉइंटवरच्या दुकानाला याहून जास्त काय लागतं?

प्रोग्रॅम आला. उघडला. मेनू दिसला, पान पडद्यावर आलं. ‘वाचा’ हे बटण दाबलं की खिडकी गायब. टर्मिनलमधून चालवल्यावर एकच ओळ: ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. तिचा फोटो त्या मुलाला पाठवला, त्यावर ते म्युझियम आलं. वर सल्ला, ‘२०१३ नंतरचं काहीही घ्या, पळेल.’

जळगावला गेलो. गोलाणी मार्केटमधून पेन्टियम जी ४४०० असलेला सेकंडहँड सीपीयू घेतला. हा प्रोसेसर २०१५चा, म्हणजे त्याच्या अटीत बसणारा. एसटीत पहूरपर्यंत उभ्यानं, पुढे मांडीवर डबा घेऊन घरी आणला. रात्री जोडला. तोच मेनू, तेच पान, तेच बटण. खिडकी गायब.

तिथं माझी ट्यूब पेटली. म्हातारं मशीनही पडतं आणि तरणंही, तेही एकाच बटणावर, तर मग वयाचा काय संबंध?

दुसरा दिवस सोमवार. सोमवारी लेणी बंद, टी पॉइंटवर शुकशुकाट. शटर अर्धं ओढून जीडीबीत प्रोग्रॅम चालवला आणि तो पडला त्या जागेवर नेमकी कुठली सूचना आहे ते बघितलं. बाणापुढे ‘व्हीएफएमएडीडी’नं सुरू होणारं एक लांबलचक नाव. गुणाकार आणि बेरीज एका दमात करणारी, एफएमए गटातली सूचना. मग दोन्ही मशीनवर एलएससीपीयू चालवून फ्लॅग्जची यादी काढली. एफएमए नाही, एव्हीएक्स नाही. इंटेलनं एव्हीएक्स २०११मध्ये आणलं, एव्हीएक्स टू आणि एफएमए २०१३मध्ये, पण दिलं ते आय थ्री, आय फाइव्हवाल्यांना. स्वस्त पेन्टियमला नाही. २०१८च्या पेन्टियम गोल्ड जी ५४००लासुद्धा नाही. म्हणजे ‘२०१३ नंतरचं काहीही’ हा सल्लाच मुळात फुकाचा होता, आणि त्या सल्ल्याचे पैसे मी मोजले होते.

फोन लावला. ‘बिल्ड करताना मार्चला काय दिलं होतंस?’ हा मार्च म्हणजे मार्च एंडवाला नव्हे. कुठल्या प्रोसेसरसाठी कोड तयार करायचा ते कंपायलरला सांगणारा पर्याय. क्षणभर शांतता. मग, ‘ते ऑप्टिमायझेशनचं आहे काका, तुमच्या कामाचं नाही.’

दिलं होतं ‘नेटिव्ह’. याचा अर्थ, ज्या मशीनवर बिल्ड चालू आहे त्याला जे जे येतं ते सगळं वापर. शिंप्यानं गिऱ्हाइकाचा सदरा स्वतःच्या मापानं बेतावा आणि तो बसला नाही की गिऱ्हाइकाला जाड म्हणावं, तसं. गंमत म्हणजे टेसरॅक्ट स्वतः शहाणं आहे. सुरू होतानाच प्रोसेसरला काय येतं ते विचारून घेतं आणि तेवढंच वापरतं. या मुलानं बिल्डची मांडणी करणाऱ्या सीमेकमध्ये नेटिव्हचा पर्याय चालू करून त्या शहाणपणावर पाणी ओतलं. हा पर्याय मुळात बंद असतो, आणि दुसऱ्या हार्डवेअरवर चालणं बिघडू शकेल असं त्याच्या वर्णनातच लिहिलंय. वाचतो कोण!

तीन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक. ‘आता चेक करा.’ चुकलो वगैरे काही नाही. पाच पानं झकास वाचली, सहावं तिरकं होतं, तिथं पुन्हा आडवा. टेसरॅक्ट नव्यानं बांधलं होतं, पण पान सरळ करणारं ओपनसीव्ही जुनंच जोडलं होतं, तेही नेटिव्हवालं. म्हणून सांगतो, पर्याय बदलला की बिल्डचं फोल्डर पूर्ण उडवा. सीमेक जुन्या निवडी जपून ठेवतं. आणि जोडलेली प्रत्येक लायब्ररी त्याच पर्यायांनी पुन्हा बांधा, एक जरी राहिली तरी ती घात करते. ओपनसीव्हीत दोन याद्या असतात: बेसलाइन, म्हणजे विचारल्याशिवाय वापरायचं ते, आणि डिस्पॅच, म्हणजे प्रोसेसरला विचारून वापरायचं ते. बेसलाइन खालची ठेवा, डिस्पॅच हवी तितकी लांब ठेवा. वेग हवाच असेल तर तो तिथून घ्यावा.

मीही एकदा फसलो, ते लपवत नाही. ऑब्जडम्पमध्ये एव्हीएक्सची वायएमएम रजिस्टरं दिसली आणि लगेच त्याला फोन केला. ती टेसरॅक्टनं रीतसर विचारून वापरलेली होती. नुसतं दिसणं हा पुरावा नव्हे, कुठल्या फंक्शनमध्ये आहेत ते बघा. त्या एका फोनवर तो अजून हसत असेल.

बिल्ड करणाऱ्याकडे जुनं मशीन नसतं, हीसुद्धा सबब नाही. क्यूएमूला सीपीयू ‘पेनरिन’ सांगितलं की लॅपटॉपवरच माझ्या ई ७५००चं सोंग आणता येतं. २०२०मध्ये ६४ बिट प्रोसेसरांच्या पायऱ्याही ठरल्या आहेत: व्ही टू म्हणजे एसएसई ४.२पर्यंत, व्ही थ्री म्हणजे एव्हीएक्स टू, एफएमए वगैरे. जी ४४०० व्ही टूत बसतो, ई ७५०० तिथंही नाही, त्याला अगदी तळाची पायरीच लागते. मार्चला ती पायरी द्या. एमट्यूनला काहीही द्या, त्यानं फक्त चाल बदलते, प्रोग्रॅम पडत नाही. अर्थात सगळंच पोराचं पाप नाही. रेड हॅटचं लिनक्स २०२२च्या ९व्या आवृत्तीपासून व्ही टू मागतं, २०२५च्या १०व्यापासून व्ही थ्री. पण ते आधी सांगून मागतात.

काम देण्याआधी फ्लॅग्जची यादी पाठवा आणि ‘यावर चालेल’ हे लेखी घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका. बॅकअप ठेवा, हे काय सांगायचं.

तिसरी फाइल चालली. ई ७५००वर एक पान वाचून होईस्तोवर समोरून चहा येतो, पण वाचून होतं. शेवटी त्याचं बिल आलं. त्यात एक ओळ होती: ‘जुन्या मशीनसाठी खास आवृत्ती, जादा आकार’. ती लाल पेनानं खोडली, फोटो काढून त्याला पाठवला आणि उरलेले पैसे भरले.