पानेतर की अष्टपुत्री

बिबवेवाडी, पुणे ३७

चि. सौ. कां. मृणाल हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मार्केट यार्डातील गुजराती व्यापारी घराण्यात तू स्वेच्छेने जात आहेस, आणि हा संबंध उभय घरांनी आनंदाने मान्य केल्यावर आता तकरार उरली आहे ती केवळ एका वस्त्राची: बोहल्यावर आपली पिवळी अष्टपुत्री नेसावी, की त्यांच्याकडचे लाल काठांचे पांढरे पानेतर? ‘लग्नात पांढरं कसलं?’ असे तुझ्या आत्याबाईंनी विचारले म्हणे. त्यांना सांग की आमच्या अप्पर इंदिरानगरातील बौद्ध वधू शुभ्र वस्त्रांतच त्रिशरण-पंचशील म्हणते, लष्कर भागातील पारशी वधूही शुभ्रच नेसते, आणि खुद्द युरोपातसुद्धा पांढऱ्या झग्याचा प्रघात व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या विवाहानंतर पसरला. तत्पूर्वी तेथील वधू ऐपतीप्रमाणे वाटेल त्या रंगाचे उंची वस्त्र घालीत. मौज अशी की अष्टपुत्री काय किंवा पानेतर काय, वधूला दोन्ही मामाकडूनच यावयाची. तेव्हा वादी आणि प्रतिवादी या दोघांचाही खर्च माझ्याच माथी आहे, आणि तो मी संतोषाने करीन. सासरचे चार मंगलफेरे पानेतरात घे, आपल्या अंतरपाटामागे अष्टपुत्रीत उभी राहा.

कायद्याचीही यास हरकत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये वधू वा वर यांपैकी कोणाच्याही रूढ विधीने लग्न लागू शकते, आणि विधीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच ते पूर्ण व बंधनकारक होते. मुंडावळ्या, रुखवत, कानपिळी यांविषयी कायदा मौन धरून आहे. ज्यांना हौस असेल त्यांनी ती खुशाल करावी.

परंतु ‘हौस’ या शब्दापासून मात्र सावध राहा. हुंड्यास १९६१ पासून कायद्याने मनाई असूनही ‘आम्हाला काही नको, मुलीच्या हौसेनं काय ते द्या’ या सोज्ज्वळ वाक्याने तो राजरोस घरात शिरतो, आणि मानपानाच्या यादीत विहिणीच्या साडीपासून वराच्या गाडीपर्यंत सारे काही बिनबोभाट मावते. हा रोग कोणा एका जातीचा नाही. गंगाधामच्या बाजूच्या लॉन्सवरील थाटात आणि वस्तीतल्या गल्लीत घातलेल्या मांडवात मी तो सारखाच पाहिला आहे. फरक इतकाच, की गल्लीतल्या बापाला त्यापायी कर्ज होते.

वस्त्रापेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आपल्या लग्नात वधू गौरीहरापाशी मुकाट बसते, बाप दान करतो, गुरुजी बोलतात, आणि तिला कोणी काही विचारीत नाही. शेजारच्या कोंढव्यातील निकाहात निदान साक्षीदारांसमक्ष वधूची संमती घेतात, आणि मेहर हा तिचा स्वतःचा हक्क म्हणून ठरतो. आपल्याकडे ही उणीव दीडशे वर्षांपूर्वी याच पुण्यात ओळखली गेली होती. २५ डिसेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाजाच्या स्थापनेनंतर अवघ्या तीन महिन्यांत, पहिला सत्यशोधक विवाह भटजीवाचून व अल्प खर्चात झाला. समाजाचे संस्थापक जोतीराव फुले यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याची प्रतिज्ञा करतो. पुढे जोतीराव-सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न हडपसरच्या ससाणे घराण्यातील राधेशी ठरले (ते १८८९ साली लागले), तेव्हा सावित्रीबाईंनी तिला लग्नापूर्वीच आपल्या घरी आणून ठेवले, कारण मुलामुलीने एकमेकांना ओळखावे असे त्यांना वाटत होते. मला हा दाखला कोणत्याही शालूशेल्याहून मोलाचा वाटतो.

म्हणून गुरुजींना आत्ताच कळव की प्रत्येक वचनाचा अर्थ मराठीत व गुजरातीत मोठ्याने सांगावा, आणि जे वचन तू द्यावयाचे तेच जावईबापूंनीही द्यावे. याद्यांच्या बैठकीला मला अवश्य बोलाव. देण्याघेण्याचा मजकूर निघाला तर मध्येच उठून बोलण्याचा वाईटपणा मी घेईन, तो तुझ्या आईवर येऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा