दोन महिन्यांचे आकडे, एक रेषा आणि डब्याचा खरा खर्च

व्हिडिओत फळ्यावर केलेलं गणित इथे सावकाश बघू. वही-पेन घेऊनच बसा.

समजा, तुमचं पोळी-भाजीच्या डब्यांचं काम आहे. जूनमध्ये 1,200 डबे गेले, एकूण खर्च 82,000 रुपये. जुलैमध्ये 800 डबे, खर्च 62,000. आता एक ऑफिस म्हणतंय, "महिन्याला 200 डबे जास्तीचे घेतो, पण 70 रुपयांनी द्या." ऑर्डर घ्यायची का?

बहुतेक जण 62,000 ला 800 ने भागतात. डबा 77.50 ला पडतो, म्हणून नको म्हणतात. पण जूनचा हिशोब केला तर तोच डबा 68.33 ला पडतो! कारण भाडं, पगार हा ठरलेला खर्च दर महिन्याला वेगवेगळ्या डब्यांवर वाटला जातो. तो आधी वेगळा काढा.

गणितात शिकलेली रेषा आठवा: y = mx + c. इथे x म्हणजे डबे, y म्हणजे एकूण खर्च. आपले दोन महिने म्हणजे दोन बिंदू: (800, 62,000) आणि (1,200, 82,000).

पायरी 1: चढ (m)
खर्चातला फरक ÷ डब्यांतला फरक
20,000 ÷ 400 = 50
म्हणजे एक जास्तीचा डबा 50 रुपयांना पडतो.

पायरी 2: ठरलेला खर्च (c)
62,000 − (50 × 800) = 22,000

समीकरण: y = 50x + 22,000

ताळा: 50 × 1,200 + 22,000 = 82,000. जुळलं!

आता ऑर्डरकडे बघा. जास्तीच्या डब्यामागे 70 − 50 = 20 रुपये सुटतात. 200 डब्यांचे 4,000 रुपये दर महिन्याला. नाही म्हटलं असतं तर तेवढे हातचे गेले असते.

पण सगळ्यांनाच 70 चा भाव लावू नका. मग नुसते 22,000 भरून निघायला 22,000 ÷ 20 = 1,100 डबे लागतील.

दोन गोष्टी सांभाळा. सणाचा किंवा भाव अचानक वाढलेला महिना घेऊ नका, रेषा चुकते. आणि ही रेषा 800 ते 1,200 च्या आसपासच धरा. 3,000 डब्यांना जास्तीची शेगडी आणि माणूस लागेल, तिथे ठरलेला खर्चच बदलतो.

आज रात्री दुकान बंद केल्यावर तुमचे दोन महिने काढा, एक कमी विक्रीचा, एक जास्त विक्रीचा. तुमचा m किती आला, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी भाव पाडून मागितला, की आधी ते पान उघडा.