भरवसा आणि पहारा
अभ्यासपाठ : नहेम्या, अध्याय ४ ते ६ व १३



दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला निघायचे दिवस आले की पाड्यांवरच्या प्रार्थनासभांत एक वाक्य वारंवार कानावर येते : "देव बघून घेईल." वाक्य विश्वासाचेच आहे. पण ते प्रत्येक वेळी विश्वासातून येते की कधी कधी थकव्यातूनही येते, हे आपण नहेम्याच्या पुस्तकाच्या आधारे तपासू या. वचने येथे मुद्दाम छापलेली नाहीत. पवित्र शास्त्र उघडून ती मोठ्याने वाचावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या शाळकरी मुलांनी वाचून दाखवावीत.

नहेम्या हा पारसाचा राजा अर्तहशश्त याचा प्यालेबरदार. शूशन राजवाड्यात त्याला काही कमी नव्हते. यरुशलेमेचा तट पडलेला आहे व वेशी जळालेल्या आहेत हे ऐकून तो रडला, उपास केला, आणि राजाची परवानगी घेऊन गेला. हा काळ इ.स.पू. ४४५ च्या सुमाराचा. तट अर्ध्या उंचीपर्यंत आला तेव्हा सनबल्लट, तोबीया आणि त्यांचे साथीदार चालून येण्याचा बेत करू लागले.

आता ४:९ पाहा. लोकांनी देवाला प्रार्थना केली आणि त्याच वचनात रात्रंदिवस पहारेकरी बसवले. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत. देवावर भिस्त आहे, मग पहारा कशाला, असा प्रश्न तिथे कोणी विचारलेला दिसत नाही. पहारा बसवला म्हणून प्रार्थना उरकतीही घेतली नाही.

पुढचे वचन मला फार खरे वाटते. यहूदाचे लोक म्हणतात की ओझी वाहणाऱ्यांची शक्ती खचली आहे आणि मातीचे ढीग तर संपत नाहीत. शत्रू अजून आलेलाही नाही, पण अंग थकले आहे आणि धीर सुटत चालला आहे. मोह पुष्कळदा याच घडीला आत शिरतो. बारा-बारा तास चिखल तुडवून आलेला माणूस रात्री प्रार्थनेला बसत नाही, ते त्याचा विश्वास उडाला म्हणून नव्हे, तर डोळे मिटतात म्हणून. गेथशेमाने बागेत शिष्यांचेही असेच झाले होते. त्यात पेत्र होता, आणि पुढे त्यानेच आपल्या पहिल्या पत्रात (५:७-८) सगळी चिंता देवावर टाकायला सांगून लगेच पुढच्या वचनात सावध राहायला सांगितले.

नहेम्याने थकलेल्यांना दटावले नाही. त्याने माणसे कुळाकुळाने उभी केली, म्हणजे प्रत्येकाच्या शेजारी त्याचे आपलेच माणूस होते. कर्णा वाजवणारा त्याने स्वतःजवळ ठेवला. काम लांबवर पसरलेले होते, म्हणून कर्णा ऐकला की सगळ्यांनी तिकडे धावायचे असे ठरले. देव आपल्यासाठी लढेल हे तो बोलतो, तेही याच ठिकाणी (४:२०). भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना यातून घेण्यासारखे आहे. एकाच भट्टीवर तीन-चार विश्वासी घरे असतील तर आठवड्यातला एक वार ठरवून एकत्र बसावे. दारूच्या बाटलीकडे कोणाचा हात जाऊ लागला तर शेजारच्या झोपडीला ते कळले पाहिजे.

पाचवा अध्याय मंडळ्यांमध्ये फारसा शिकवला जात नाही, याचे मला नवल वाटते. बाहेर भाले घेऊन पहारा चालू असताना तटाच्या आत काय चालले होते? गरिबांनी धान्यासाठी आणि राजाच्या करासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली होती. मुली दासी होऊ लागल्या होत्या. सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्या संतापला, पण मनाशी विचार करून मग त्याने सभा बोलावली आणि शेते व व्याज परत करायला लावले. स्वतः १२ वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. उचल म्हणजे काय हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पाळकांनी आणि वडीलजनांनी उचलीचा विषय उपासनेबाहेरचा मानू नये. किती पैसे घेतले, कोणाकडून, किती दिवसांच्या कामासाठी, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून एक प्रत पाड्यावर ठेवावी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे आणि तिच्यापोटीचे कर्ज फेडण्याचे बंधन उरत नाही, हेही सांगावे. मंडळीतलाच कोणी मुकादम असेल तर नहेम्याने ज्यांना सभेत उभे केले त्यांची गोष्ट त्याच्यासमोर वाचावी. अवघड आहे, पण वाचावी.

सहाव्या अध्यायात फसवणूक देवाच्या नावाने येते. ओनोच्या मैदानात भेटायला बोलावून नहेम्या चार वेळा गेला नाही, तेव्हा शमाया त्याला सांगतो की मंदिरात लपून दार लावून घे. ऐकायला ही भक्तीच वाटते. पण शमायाला पैसे देऊन बोलते केले होते आणि नहेम्याने ते ओळखले. आज कोणी फिरता उपदेशक पाड्यावर येऊन म्हणाला की विश्वास असेल तर गोळ्या सोडा, तर हा अध्याय आठवावा. क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, बरे वाटते, आणि तेव्हाच औषध सोडले तर रोग उलटतो व पुढे त्याच गोळ्या लागू न पडण्याचा धोका असतो. साप चावला तर प्रार्थना गाडीत बसून करावी. गाडी भगताकडे नव्हे तर सरकारी दवाखान्याकडे निघालेली असावी. औषध घेणे हा अविश्वास आहे असे पवित्र शास्त्र कुठेही शिकवत नाही. आजारी हिज्कीयासाठी यशयाने गळवावर अंजिरांची चांदकी बांधायला लावली होती (२ राजे २०:७), आणि तीही देवाचे उत्तर मिळाल्यानंतर.

तट ५२ दिवसांत पुरा झाला. पुष्कळ पाठ इथेच थांबतात. पण अध्याय १३ वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नये. नहेम्या काही काळ राजाकडे परत गेला होता. तो आला तेव्हा पाहतो तर ज्या तोबीयाला तटाबाहेर थोपवण्यासाठी इतक्या रात्री जागून काढल्या, त्याला याजक एल्याशीबाने मंदिराच्या अंगणातच मोठी खोली दिलेली! जिथे धान्याचे दशमांश आणि धूप ठेवायचे, तिथे तोबीयाचे सामान. लेव्यांना त्यांचा वाटा मिळत नव्हता, म्हणून ते आपापल्या शेतांवर निघून गेले होते. हे कोणत्याही लढाईत झाले नाही. सोयरीक होती, ओळख होती, खोली रिकामी होती.

घरगुती प्रार्थनेत हा अध्याय वाचताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातली अशी खोली कोणती ते बोलावे. कोणाकडे ती दारू असेल, कोणाकडे भावकीतले जुने वैर, कोणाकडे मुलीचे शिक्षण सोडवून तिला भट्टीवर न्यायचा बेत. नहेम्याने तोबीयाचे सगळे सामान बाहेर फेकले, खोल्या शुद्ध करून घेतल्या, आणि धान्य व धूप पुन्हा आत आणून ठेवले.