मूल्याचा प्रकार आधी पारखावा

संगणकावरील अर्जात दोन वाड्यांची लोकसंख्या १२० आणि ८० अशी भरली आणि बेरीज २०० ऐवजी १२०८० आली, तर दोष आकड्यांचा नसतो. अर्जाच्या चौकटीत लिहिलेले मूल्य जावास्क्रिप्ट या भाषेच्या हाती सामान्यतः मजकूर म्हणून येते. मजकुरांमध्ये अधिक चिन्ह घातले की बेरीज न होता जोडणी होते. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी तयार केलेली ही भाषा अशा वेळी तक्रार करीत नाही. म्हणूनच मूल्य वापरण्यापूर्वी त्याचा प्रकार पारखणे अगत्याचे ठरते.

त्यासाठी भाषेत ‘टाइपऑफ’ हा शब्द आहे. तो मूल्यापूर्वी लिहिला असता संख्येसाठी ‘नंबर’, मजकुरासाठी ‘स्ट्रिंग’, खरे-खोटे मूल्यासाठी ‘बूलियन’ आणि मूल्य दिलेलेच नसल्यास ‘अनडिफाइन्ड’ असे उत्तर मिळते.

मात्र तीन ठिकाणी सावध राहावे. हेतुपुरस्सर रिकामेपण दर्शविणारे ‘नल’ आणि यादी म्हणजे ‘अ‍ॅरे’, या दोहोंना ‘ऑब्जेक्ट’ असेच उत्तर येते. नलबाबतची ही चूक प्रारंभापासूनची असून, जुन्या आज्ञावली बिघडू नयेत म्हणून ती कायम ठेवली गेली. नलसाठी तीन बरोबर चिन्हांनी थेट तुलना करावी. यादीसाठी २००९ च्या प्रमाणकात आलेले ‘अ‍ॅरे.इजअ‍ॅरे’ वापरावे. मजकुराचे संख्येत रूपांतर फसल्यास ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, हे मूल्य मिळते. पण त्याचाही प्रकार ‘नंबर’च सांगितला जातो! ते ‘नंबर.इजनॅन’ने ओळखावे.

माप तपासून मगच धान्य मोजावे, तसा प्रकार पारखून मगच हिशेब करावा.