एका चाचणीवर निदान नको

प्रश्न : पत्नी पाच महिन्यांची गरोदर आहे. बोट टोचून केलेली तिची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली, माझी निगेटिव्ह. घरात भांडण पेटलंय. काय समजायचं?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : आधी भांडण थांबवा. ही चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. कधी कधी भलतीच प्रतिपिंडं किटला चिकटतात. गरोदरपणातही हे घडतं. समजा, हजार गरोदर स्त्रियांत खरी बाधित एकच आहे आणि किट हजारात पाचदा चुकतं. मग सहा पॉझिटिव्हपैकी पाच खोट्या! म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) पद्धतीत तीन वेगवेगळ्या किटवर रक्त पॉझिटिव्ह आलं, तरच निदान पक्कं मानतात. एवढ्यावरून तिच्यावर संशय घेणं हा अन्याय आहे.

शासकीय रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात (आयसीटीसी) ही तपासणी आणि समुपदेशन मोफत होतं. अहवाल गुप्त ठेवणं २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बंधनकारक आहे. निदान पक्कं झालंच, तरी औषधं मोफत मिळतात आणि वेळेत सुरू केली तर बाळ बहुधा निरोगी जन्मतं. शंका असल्यास १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. पण याच आठवड्यात जा, आणि दोघं मिळून जा.