बटाटा आधी, पाला शेवटी

अगं, सूप म्हटलं की तू आधी मिक्सर शोधतेस. तो राहू दे कपाटात. पाव किलो बटाटे, एक कांदा, लसणीच्या चार पाकळ्या, चमचाभर तूप, अर्धी जुडी पालक आणि तीन पेले पाणी, एवढ्यात दोघींचं पोटभर होतं. कॉर्नफ्लोअर आणि क्रीम हॉटेलवाल्यांना लखलाभ.

बटाटा बघून घे. थंडी सरताना बाजारात नवा येतो, नखाने साल निघते तो. रश्श्यात तो देखणा दिसतो, पण फुटत नाही. आपल्याला फुटणारा, जुना हवा. सुपाला दाटपणा त्याच्याच पिठाने येतो. म्हणून चिरलेल्या फोडी पाण्यात टाकून ठेवायची सवय इथे मोड, नाहीतर सगळं पीठ त्या पाण्याबरोबर मोरीत जाईल. कोंब आणि हिरवट डाग खोल कापून काढ. बटाटा फारच हिरवा झाला असेल तर अख्खा टाकून दे, तिथे काटकसर नको. शिजवल्याने तो बाधायचा थांबत नाही.

कांदा तुपात मंद आचेवर, चिमूटभर मीठ घालून, मऊ होईस्तोवर परत. लाल करू नकोस. लसूण ठेचून घाल, मग फोडी, मग कढत पाणी. टोमॅटो आवडत असला तरी आत्ता नाही. आंबटात बटाटा लवकर मऊ पडत नाही, गॅस मात्र जळत राहतो.

फोड पळीने दाबली की मोडायला हवी. मग रवीने घोट, आपण वरण घोटतो ना, तसंच. मिक्सरमध्ये बटाटा गरगर फिरला की त्याची खळीसारखी चिकट लगदी होते आणि मग कितीही पाणी घाल, ती जिभेला चिकटतेच. दोनचार फोडी अख्ख्या राहिल्या तर राहू देत, चावायला बऱ्या लागतात.

पाला धुताना पातेल्यातलं पाणी ओतून द्यायचं नाही, पाला वर उचलून घ्यायचा. माती तळाला बसलेली असते. पातेलं उपडं केलंस की ती परत पानांवर. असं तीनदा कर. पावसाळ्यात चारदा.

आणि धुवून झाल्यावरच चीर, अगदी बारीक. पोर्तुगालचं ‘काल्दु व्हेर्द’ याच जातीचं. तिथे घोटलेल्या बटाट्यात ‘कोव्ह’ नावाचा कोबीच्या कुळातला पाला केसासारखा बारीक चिरून शेवटी सोडतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही ते पोचलं. तिथे पालकावर भागवतात. पाला शेवटी, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

सूप चांगलं उकळत असताना पाला सोड आणि झाकण ठेवू नकोस. दोन-तीन मिनिटं पुरेत. झाकलंस की वाफेबरोबर जाणारा पाल्याचा आंबटपणा आतच कोंडतो आणि हिरवा रंग शेवाळी होतो. लिंबाचंही तेच, म्हणून ते वाटीत पिळायचं, पातेल्यात नाही. उरलेलं मीठ पाला आळल्यावर घाल. जुडी चिरल्यावर ढीगभर दिसते, आळून मूठभर होते, आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ मग डोक्यात जातं. मिरी अगदी खाली उतरवताना, जाडसर कुटून.

पालकच हवा असं नाही. चाकवत मिळाला तर तो आधी घे, त्याला स्वतःचीच आंबूस चव असते. मुळ्याचा कोवळा पाला चालतो, माठ चालतो. मेथी घालायची तर मूठभरच. शेपू मला आवडतो, तुझ्या काकांना नाही. घरात विचारून घाल. अंबाडी नको, ती भाकरीबरोबरच बरी.

उरलं तर रात्रीतून दाट होतं. गरम करताना पाणी वाढव, नाहीतर त्यातच ज्वारीचं पीठ, तीळ, हिरवी मिरची घालून सकाळी थालीपीठ थाप. मीठ आधीच आहे, विसरू नकोस.