विहिरीपर्यंतच्या वायरीचा रोध

मीटरपासून मोटर १२० मीटरवर, पंप दीड हॉर्सपॉवरचा सिंगल फेज, करंट साधारण १० अँपिअर. दुकानदार म्हणतो, "अडीचची वायर पुष्कळ झाली." पैसे मोजण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

आधी लांबी. करंट एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो, म्हणून १२० नव्हे, २४० मीटर धरायचे. बहुतेकांचं उत्तर इथेच निम्म्यावर येतं. अंतर वायर जाईल त्या वाटेने मोजा; बांधाचं वळण आणि विहिरीत उतरणारी केबलही त्यात आली.

मग जाडी. 'अडीच एमएम' हा व्यास नसतो, ते काटछेदाचं क्षेत्रफळ असतं, चौरस मिलिमीटरमध्ये. जुन्या वायरीवरचा छाप पुसला असेल तर टोक सोलून तारा मोजा. ०.३ मिलिमीटरच्या ३६ निघाल्या, तर ०.७८५ × ०.३ × ०.३ × ३६, म्हणजे सुमारे २.५४. वायर अडीचचीच.

आता रोधकतेला लांबीने गुणून क्षेत्रफळाने भागा. या मापांत तांब्याची रोधकता २० अंशांना ०.०१७२४, ॲल्युमिनियमची ०.०२८३.

०.०१७२४ × २४० ÷ २.५ = १.६६ ओहम

पण आपल्याकडे उन्हात वायर २० अंशांवर राहते कुठे? तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. ५० अंश धरले तर १.८५ ओहम.

याला १० अँपिअरने गुणा: साडेअठरा व्होल्ट वाटेतच गेले. २३० चे २११ उरले, तेही मीटरपाशी पूर्ण २३० येत असतील तर. सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते. तेव्हा ती नुसती गुणगुणत बसली, तर कपॅसिटर बदलत राहून काय होणार?

चारच्या वायरीत हीच घट ११.६ व्होल्ट, सहाच्या वायरीत ७.७. मी सहाची घेईन. अडीचच्या वायरीत १८५ वॉट नुसते तापण्यात जातात, सहाच्या वायरीत ७७. स्वस्तात ॲल्युमिनियम घ्यायचंच असेल, तर चारची ॲल्युमिनियम जवळपास अडीचच्या तांब्याइतकीच, हे लक्षात ठेवा.

लाइन टाकून झाली की पडताळा घ्या. मेन स्विच बंद करा, टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री करा, मगच दोन्ही तारा स्विचपासून आणि मोटरपासून सोडवा. मोटरकडची दोन टोकं घट्ट जोडा आणि मीटरकडून मल्टिमीटरच्या सर्वांत खालच्या ओहम रेंजवर मोजा. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा दिसतो, तो वजा करा. सहाच्या वायरीला सकाळच्या गारव्यात ०.७ च्या आसपास यायला हवा. एक-दीड ओहम आला तर सांधे तपासा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा दिसला, तर तो कापून नीट क्रिंप करा.

मोजणी संपली की मोटरकडची जोडलेली टोकं आधी सोडवा. तशीच राहिली, तर पुन्हा तारा जोडून मेन टाकताच शॉर्ट.